वखारीची पावती

वखारीची पावती हा मितभाषी कागद आहे. वर वखारीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, खाली रकाने. माल कोणाचा, कोणता, किती पोती, वजन किती, प्रत कोणती, कुठल्या गोदामात ठेवला, त्या दिवशी बाजारात भाव काय होता, विमा आहे का, भाडं किती, मुदत कधी संपते. एवढं सांगून ती गप्प बसते. उद्या भाव कुठे जाईल यावर ती बोलत नाही. कोणाला किती फायदा होईल याचा रकाना तिच्यावर नसतोच. काट्यावर काय चढलं आणि आत काय गेलं, तेवढंच तिला ठाऊक असतं आणि तेवढंच ती सांगते. पैशाच्या जगात इतकं सरळ बोलणारा कागद मला दुसरा माहीत नाही.

तिचं खरं घर म्हणजे बाजार समितीचं आवार. हमाल पोती उतरवताहेत, मापाडी काट्याशी उभा आहे, कोणीतरी पोत्यात बंबी खुपसून मूठभर दाणे बाहेर काढतो आणि ओलावा बघतो. हे सगळं झालं की शेवटी ती फाडली जाते. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ १९५७ सालचं. १९९०-९१ मध्ये कृषी पणन मंडळाने शेतमाल तारण कर्ज योजना सुरू केली, तेव्हा अशा पावतीला शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठं काम मिळालं. लातूरकडे सोयाबीन निघालं की सगळ्यांचं एकदमच निघतं, आवक वाढते, भाव पडतो, आणि ज्याला देणी भागवायची आहेत त्याला पडत्या भावात विकावं लागतं. योजना त्याला सांगते, माल समितीच्या गोदामात ठेव, पावती घे, तिच्यावर बाजारभावाच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ने. व्याज ६ टक्के, मुदत १८० दिवस. भाव सुधारला की वीक आणि कर्ज फेड.

७५ आणि ६. पावतीचं सगळं चारित्र्य या दोन आकड्यांत आहे. शंभराच्या मालावर पंचाहत्तरच का? कारण दाणा सुकतो, कीड लागते, घूस पोतं फाडते, आणि मुख्य म्हणजे भाव खाली येऊ शकतो. ते राखून ठेवलेले २५ रुपये या सगळ्या शक्यतांसाठी आहेत. आणि व्याज ६ का? त्यात सवलतीचा भाग आहे, हे खरं. पण सवलत बाजूला ठेवली तरी माल समोर असला, किल्ली देणेकऱ्याकडे नसली आणि माल कर्जापेक्षा जास्त किमतीचा असला, तर कर्जाचा दर खालीच येतो. तारण चोख, तर व्याज कमी. सावकारापासून स्टेट बँकेपर्यंत सगळ्यांना हे कळतं.

ही पावती मुंबईच्या उपनगरांत एकदा आली होती. आली म्हणण्यापेक्षा तिचं नाव आलं. तिच्या नावावर मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीतल्या लोकांनी आयुष्याची बचत काढून दिली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं.

अंधेरी पूर्वेला चकाल्यात सुरेन रोड आहे. पश्चिम द्रुतगती महामार्गापासून जवळच. याच रस्त्यावर नॅशनल स्पॉट एक्स्चेंज लिमिटेड या कंपनीचं कार्यालय होतं. लोक तिला आद्याक्षरांनी ‘एनएसईएल’ म्हणत. फायनान्शियल टेक्नॉलॉजीज ही कंपनी आणि नाफेड यांनी ती २००५ मध्ये स्थापन केली, भांडवल जवळजवळ सगळं फायनान्शियल टेक्नॉलॉजीजचं. प्रत्यक्ष व्यवहार ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झाले. हेतू ऐकायला फार चांगला होता: देशभरच्या शेतमालाचा एकच हजर बाजार, संगणकावर. गावचा शेतकरी आणि दूरचा गिरणीवाला यांची गाठ थेट पडावी. तो हेतू तसाच चालला असता तर आज मी वेगळं काही लिहीत असतो.

२००९ मध्ये या बाजारात जोडीचे व्यवहार सुरू झाले. कागदावर ते असे दिसत. आज एक माल विकत घ्यायचा, त्याचे पैसे दोन दिवसांनी द्यायचे. त्याच क्षणी तोच माल तेवढाच विकून टाकायचा, त्याचे पैसे पंचवीस दिवसांनी घ्यायचे. पहिल्याला ‘टी प्लस २’ म्हणत, दुसऱ्याला ‘टी प्लस २५’. खरेदीचा भाव १०० असला तर विक्रीचा १०१ च्या आसपास. हिशेबाच्या सोयीसाठी मधले २३ दिवस धरू. २३ दिवसांत १ टक्का, म्हणजे वर्षाला पावणेसोळा ते सोळा टक्के. दलाली, गोदामभाडं, कर वजा जाऊन चौदा-पंधरा हातात. त्या काळात बँका मुदत ठेवीला नऊ टक्क्यांच्या आसपास देत होत्या.

मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या आमच्या ओळखीतल्या एका काकांनी त्या दिवसांची फाईल अजून ठेवली आहे. मी ती शांतपणे चाळली आहे. प्रत्येक पानाला दोन कॉन्ट्रॅक्ट नोटा टाचणीने जोडलेल्या. एकीवर खरेदी, दुसरीवर विक्री. तारीख तीच, वेळेत सेकंदांचाच फरक, माल तोच, वजन तेच. माल कधी एरंडी, कधी साखर, कधी भात, कधी कच्ची लोकर. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. कच्ची लोकर कशी दिसते हे त्यांनी पाहिलेलं नाही. मीही पाहिलेलं नाही. पण काही दिवसांपुरते ते लोकरीचे मालक होते, असं ती नोट म्हणते. शेवटच्या पानांपाशी एक रंगीत पत्रक आहे, सब-ब्रोकरच्या मुलाने दिलेलं. त्यावर तीन गोष्टी ठळक आहेत: परतावा निश्चित, शंभर टक्के मालाचं तारण, एक्स्चेंजची हमी. तो मुलगा वाईट नव्हता. त्याच्या आईचेही पैसे त्यात होते. तो म्हणायचा, “काका, तुम्हाला भावाचं टेन्शनच नाही. घेतानाच विकून मोकळे. मधे तुमचा माल गोदामात पडून आहे, पावती आहे.”

पावती आहे. सगळा युक्तिवाद या दोन शब्दांवर उभा होता. पण फाईलमध्ये ती नव्हती. वाटपाचे कागद होते, अमुक माल तुमच्या नावे दाखवला आहे असं सांगणारे. पण वखारीने पोती मोजून फाडलेली, माणूस गोदामाच्या दारात घेऊन जाऊ शकेल आणि ‘माझा माल दाखवा’ म्हणू शकेल, अशी पावती नव्हती. मी काकांना विचारलं, तुम्ही कधी मागितली नाहीत? ते म्हणाले, “अरे, दर महिन्याला पैसे येत होते.”

हे उत्तर मी पुढे खूप जणांकडून ऐकलं. त्या उत्तरात मूर्खपणा नाही. पैसे वेळेवर येतात तेव्हा माणूस तारणाबद्दल विचारत नाही, तसं विचारणं त्याला अपमानकारक वाटतं. पण गुंतवणुकीचा कोणताही युक्तिवाद समोर आला की मी आता आधी हेच शोधतो: यातलं कोणतं पात्र सगळा भार उचलतं आहे आणि तरी व्यासपीठावर आलेलंच नाही? परतावा, मुदत, कंपनीचं नाव, ही मंडळी पुढे येऊन बोलतात. ज्याच्या जिवावर ती बोलतात, ते मागे असतं. इथे ते पात्र म्हणजे पावती.

ती जर त्या रंगीत पत्रकाशेजारी येऊन बसली असती, तर तिने काय विचारलं असतं, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

तिने आधी विचारलं असतं, समोर कोण आहे? काका आज घेतात आणि पंचवीस दिवसांनी जास्त भावाने विकतात. म्हणजे कोणीतरी आज विकतो आणि पंचवीस दिवसांनी तोच माल जास्त भावाने परत घेतो. असं कोण करेल? ज्याला माल विकायचा आहे तो विकून जाईल. ज्याला हवा आहे तो आजच घेईल. आज विकून तोच परत महाग घेणारा माणूस एकच असतो, ज्याला मधल्या दिवसांपुरता पैसा हवा आहे. म्हणजे हा व्यापार नव्हता. हे कर्ज होतं. काका व्यापारी नव्हते, सावकार होते, आणि त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. पुढे न्यायालयासमोरही हे व्यवहार मुळात पैसे पुरवण्याचेच असल्याचं नोंदलं गेलं. एकदा ‘कर्ज’ हा शब्द उच्चारला की कोणत्याही घरातली आजीसुद्धा पुढचे प्रश्न आपोआप विचारते. कोणाला दिलं? तो कसा आहे? बँक त्याला देत नाही का? व्यापाराचा मुखवटा होता म्हणून हे प्रश्न कोणाच्या ओठांवर आले नाहीत. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. चुकीच्या युक्तिवादात खोटी माहिती असावीच लागते असं नाही, गोष्टीला दुसरं नाव दिलं तरी पुरतं.

आणि समोरचे किती जण होते? हजारो गुंतवणूकदारांच्या विरुद्ध बाजूला शेवटी फक्त २४ देणेकरी निघाले. देशभरचा शेतकरी त्यात कुठे नव्हता.

मग तिने आपले ७५ आणि ६ पुढे ठेवले असते. गोदामात खरोखर माल असलेला गिरणीवाला बँकेत गेला, तर त्याला तारणावर कर्ज मिळतं, थोडी रक्कम राखून आणि बऱ्या दराने. मग तो इथे येऊन पंधरा-सोळा टक्के, वर दलाली आणि भाडं, असा भुर्दंड का सोसतो? शंभराच्या मालावर पूर्ण शंभर उचलायला मिळतात म्हणून? तसं असेल तर भाव पाच रुपयांनी पडला तर ते पाच रुपये कोणाचे? ‘शंभर टक्के तारण’ हे पत्रकावर अभिमानाने छापलं होतं. पावतीच्या जगात शंभर टक्के तारण हे अपुरं तारण असतं. आणि मालच नसेल, तर सोळा टक्के दर अगदी नीट समजतो: ज्याच्याकडे ठेवायला काही नाही, तोच असा दर देतो. चढा परतावा आणि चोख तारण, ही दोन वाक्यं एकाच पत्रकावर एकमेकांना खोडत होती, आणि लोक ती एकमेकांना बळ देतात असं समजून वाचत होते.

मग तिने हंगामाबद्दल विचारलं असतं. भात खरिपाचा. साखरेचा हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो. आवक वाढली की हजर भाव पडतो, साठा संपत आला की चढतो, आणि आजचा भाव आणि पुढच्या महिन्याचा भाव यांतलं अंतरही हंगामाप्रमाणे हलतं, कधी उलटंसुद्धा होतं. काकांच्या फाईलमध्ये भाव हलत होते. अंतर हलत नव्हतं. एरंडी असो की भात, श्रावण असो की शिमगा, खरेदी आणि विक्रीतला फरक तसाच. शेतमालाला असा स्वभाव नसतो. व्याजाला असतो. हे बघायला आतली माहिती लागत नव्हती, टाचणी लावलेली दहा पानं एकाखाली एक ठेवली की पुरे होतं.

किल्ली कोणाकडे आहे, हाही तिचा जुना प्रश्न. लातूरच्या सोयाबीनची किल्ली समितीकडे असते, शेतकऱ्याकडे नाही. इथे माल अनेकदा देणेकऱ्याच्याच कारखान्याच्या आवारात ठेवलेला दाखवला जात होता. त्याच्यावर देखरेख एक्स्चेंजची, आणि एक्स्चेंजचं उत्पन्न त्याच व्यवहारांच्या उलाढालीवर. ज्याने दार उघडून बघायचं, त्याचं पोट दार बंद राहण्यावर अवलंबून होतं.

कायद्याची गोष्ट तर आणखी उघडी होती. वायदे करार नियमन कायदा १९५२ चा. त्यात हजर व्यवहाराची व्याख्या होती: माल आणि पैसे यांची देवघेव ११ दिवसांच्या आत. ५ जून २००७ च्या अधिसूचनेने केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने या कंपनीला एक दिवसाच्या करारांसाठी सूट दिली, ती अटींवर. माल हाती नसताना विकायचा नाही, आणि दिवसअखेर उरलेल्या प्रत्येक सौद्याचा माल प्रत्यक्ष द्यायचा. ‘टी प्लस २५’ हे नावच सांगत होतं की ११ ची मर्यादा ओलांडली आहे. एप्रिल २०१२ मध्ये विभागाने कंपनीला कारणे दाखवा नोटीसही दिली होती. तरी त्यानंतर पंधरा महिने उपनगरांत पत्रकं वाटली जात होती आणि पैसे येत होते. ‘एक्स्चेंज’ हा शब्द ऐकला की मुंबईच्या माणसाच्या डोळ्यासमोर दलाल स्ट्रीटची इमारत येते, सेबी येते. या बाजारावर सेबीचा अंमल नव्हता, आणि वायदे बाजार आयोगाला पुरते अधिकार मिळाले ते ऑगस्ट २०१३ मध्ये, सगळं कोसळल्यावर.

हे सगळे प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण पावतीच्या तोंडी ते एकच आहेत: माल आहे का, आणि असेल तर तू मला का बोलावत नाहीस? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे तर तुरीच्या नफ्याचा हिशेबही झाला, करही भरला, नातवाच्या इंजिनीअरिंगची फीसुद्धा त्यातून ठरली. तुरी कुठे आहेत, ते बघायला मात्र कोणी गेलं नाही.

१२ जुलै २०१३ ला विभागाने सांगितलं, नवे करार काढू नका, जुने ठरल्या तारखेला मिटवा. मिटवा म्हणताच कळलं की मिटवण्याजोगं काही नाही. आतापर्यंत जुनी जोडी संपली की तिच्या जागी नवी उभी राहायची आणि नव्या पैशातून जुने पैसे जायचे. नवं थांबलं आणि साखळी तुटली. ३१ जुलैला कंपनीने व्यवहार थांबवले. सुमारे १३,००० गुंतवणूकदार, सुमारे ५,६०० कोटी रुपये. हमी निधीत सातशे कोटींहून अधिक आहेत असं आधी सांगितलं गेलं होतं, काही दिवसांतच तो शंभर कोटींच्याही खाली असल्याचं समोर आलं. मग गोदामांची तपासणी सुरू झाली. काही ठिकाणी तपासनिसांना आत जाऊ दिलं गेलं नाही, आणि ज्या ठिकाणी दारं उघडली तिथे बऱ्याच जागी कागदावरचा माल नव्हता.

त्या ऑगस्टमध्ये अंधेरी-घाटकोपर रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे होते, गाडी अजून सुरू व्हायची होती. मुलुंडहून, घाटकोपरहून लोक बसने, रिक्षाने, खड्डे चुकवत चकाल्याला जात. काका दोनदा गेले. त्यांच्याबरोबर फाईल होती, कॉन्ट्रॅक्ट नोटांची. फाटकावरच्या माणसाला ती दाखवून काय होणार होतं! पण माणसाला आपल्याकडे कागद आहे याचा आधार वाटतो. चूक कागद जपण्यात नव्हती. चुकीचा कागद जपला गेला होता.

नंतरच्या अनेक वर्षांत अटका झाल्या, जामीन झाले, आर्थिक गुन्हे शाखेने आरोपपत्रं दाखल केली, मालमत्ता गोठवल्या गेल्या. ही कंपनी मूळ कंपनीत विलीन करण्याचा सरकारी आदेश २०१६ मध्ये निघाला, मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि ३० एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा या कंपनीला लागू होतो, असा निर्णय दिला. तो तपशील वकिलांचा आहे, मी त्यात थांबत नाही. छोट्यांना सुरुवातीलाच काही मिळालं: दोन लाखांपर्यंतच्यांना पूर्ण, दहा लाखांपर्यंतच्यांना निम्मं. मोठ्या रकमा अडकून राहिल्या. त्या मोठ्या रकमा म्हणजे नेहमी श्रीमंतांच्याच होत्या असं नाही. बोरिवलीत वडिलांचं जुनं घर विकून आलेले पंचवीस लाख ‘सध्या कुठेतरी ठेवू’ म्हणून तिथे ठेवणारी माणसंही त्यांत होती. काहींनी तर दलालाशी संबंधित वित्तसंस्थेकडून बारा टक्क्यांनी उचलून पंधरा टक्क्यांसाठी लावले होते.

अशी वेगळ्या रूपातली पावती नंतरही उपनगरांत येत राहिली. भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेत सप्टेंबर २०१९ मध्ये कळलं की एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जं हजारो खोट्या खात्यांआड दडवली होती. तिथे ठेवीदाराला सांगितलं गेलेलं वाक्य होतं, ताळेबंद तपासलेला आहे. तो ठेवीदार मात्र मला या यादीत पूर्ण बसलेला वाटत नाही. त्याने जास्त व्याजाचा मोह धरला नव्हता, जवळच्या बँकेत पैसे ठेवले होते, आणि बँकेची खाती उघडून बघायची सोय त्याला कधीच नव्हती. त्याला दोष देणाऱ्यांचा मला राग येतो. टोरेस या दागिन्यांच्या दुकानांच्या योजनेचं तसं नव्हतं. दादरचं दालन, कांदिवलीचं दालन, मॉइसनाइट नावाचे चमकते खडे, आणि आठवड्याला सहा टक्के. आठवड्याला सहा म्हणजे साधा गुणाकार केला तरी वर्षाला ३१२ टक्के. जानेवारी २०२५ मध्ये दालनांना कुलपं लागली. तिथे पावतीची जागा त्या खड्याने घेतली होती. लोकांच्या हातात निदान काहीतरी होतं, ते मखमलीच्या डबीत घालून घरी नेलं होतं, आणि म्हणून विश्वास बसला. खडा हातात होता. पण त्या खड्यातून आठवड्याला सहा टक्के कसे निघतात, हे त्यांना कोणीच समजावून सांगितलं नव्हतं.

खरी पावती मधल्या काळात बदलली आहे. वखार नियमनाचा केंद्रीय कायदा २००७ चा, प्राधिकरण २०१० पासून कामाला लागलं, आणि सप्टेंबर २०१७ पासून ती संगणकीय रूपात निघू लागली. आता तिची नोंद स्वतंत्र भांडारात होते, शेअरची डिमॅटमध्ये होते तशी. एकाच मालावर दोनदा कर्ज काढणं त्यामुळे अवघड झालं आहे. हिंगोलीतल्या हळदीची पावती मुंबईत बसून पडताळता येते, वखार नोंदणीकृत आहे का हेही बघता येतं. ही सोय २००९ मध्ये असती तर, असा विचार मनात येतो. पण मला वाटतं, सोय असती तरी काकांनी पडताळणी केली नसती, कारण ती मागायची गोष्ट आहे हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

एनएसईएलच्या प्रकरणात २०२५ मध्ये एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव मतदानाला आला. ५,६८२ गुंतवणूकदारांना मिळून १,९५० कोटी रुपये, आणि त्या बदल्यात दाव्यांवर पडदा. मत देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी होकार दिला. काकांनीही दिला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या धाकट्या मुलीने लॅपटॉपवर मत नोंदवलं आणि ते शेजारी बसून म्हणाले, “होऊन जाऊ दे बाई.” मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला नाही. घरी येऊन मांडला. २०१३ मध्ये शंभर रुपये साध्या मुदत ठेवीत टाकले असते आणि सरासरी सातच टक्के धरले, तर बारा वर्षांनी त्यांचे सव्वादोनशे झाले असते. काकांना शंभराचे निम्मेही परत मिळणार नाहीत. त्यांच्या मुलीने मला विचारलं, आता हे पैसे आले की कुठे ठेवू? मी तिला एका सहकारी पतपेढीचं आणि एका नव्या योजनेचं पत्रक तिच्याच टेबलावर पडलेलं दाखवलं, आणि दोन्हींवर पेन्सिलीने एकेक प्रश्न लिहून दिला: पैसा कोणाकडे जातो, आणि त्याच्या बदल्यात तुमच्या हातात नेमकं काय येतं. पतपेढीवाल्याने उत्तर दिलं आहे. योजनेवाल्याचा फोन अजून आलेला नाही.